देशाला नावे ठेवणारे आणि देशाची जहाजे बांधणारे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी धर्मविषयक लेखन करणाऱ्या अधिकारी व्यक्ती आपल्या समाजात पुष्कळ आहेत. प्रस्तुत लेखकाचा अधिकार कापडाच्या गाठी आणि जमाखर्चाच्या वह्या यांपलीकडे जात नाही. तरीही ज्या जुहूच्या भूमीवर आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे कार्य केले, त्या भूमीशी निगडित असलेले व्यापारी इतिहासातील एक प्रकरण येथे मांडावे असे वाटले. हे प्रकरण जहाजांचे आहे. त्यात आपल्यासारख्या व्यापाऱ्यांची कसोटी लागली होती, आणि त्या कसोटीत आपले पूर्वसूरी प्रत्येक वेळी उत्तीर्ण झाले असे म्हणता येत नाही. म्हणूनच ते सांगण्यासारखे आहे.

हा विषय सुचण्याचे कारणही सांगतो. व्याख्यान संपून मंडळी बाहेर पडली की पादत्राणे घालता घालता पहिला विषय निघतो तो देशाच्या दुर्दशेचा. रस्त्यांतील खड्डे, तुंबलेले नाले, करांची गुंतागुंत, कचेऱ्यांतील हेलपाटे, आणि मग सिंगापूरच्या स्वच्छतेचे वर्णन. शेवटी कोणीतरी निर्वाणीचे बोलतो की या देशाचे काही होणार नाही, आणि सर्वजण समाधानाने आपापल्या गाडीत बसतात. यांतील तक्रारी खोट्या आहेत असे कोणीही म्हणणार नाही. खड्डा हा खड्डाच असतो. त्याला देशभक्तीने झाकता येत नाही. प्रश्न इतकाच की तक्रारीच्या पुढची ओळ वहीत कोणी लिहायची.

आपल्या शास्त्रकारांनी जी अठरा पापस्थानके सांगितली, त्यांत सोळावे परपरिवादाचे आहे. दुसऱ्याची निंदा करण्यातला जो रस, त्याला त्यांनी हिंसा आणि चोरी यांच्याच मालिकेत बसविले. प्रतिक्रमणात निंदा आणि गर्हा हे शब्द येतात, पण तेथे त्यांचा रोख स्वतःकडे असतो. देशाविषयीची तक्रार परपरिवादात मोडते की नाही, हा निर्णय गुरुभगवंतांनी द्यावा. मी इतिहासाकडे वळतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईच्या गिरण्यांचे सूत मोठ्या प्रमाणावर चीनला जात असे. हा माल वाहून नेणारी जहाजे परकीयांची होती आणि पी. अँड ओ. ही बलाढ्य ब्रिटिश कंपनी आपल्या जोडीदारांसह भाड्याचे दर ठरवीत असे. हे दर अवाच्या सवा आहेत, ही मुंबईच्या सूत व्यापाऱ्यांची कायमची ओरड होती, आणि ती रास्त होती. या ओरडीवर कृती केली ती जमशेटजी टाटांनी. १८९३ साली त्यांनी जपानमधील निप्पोन युसेन कैशा या जहाज कंपनीशी करार केला, जहाजे भाड्याने घेतली आणि ‘टाटा लाइन’ सुरू केली. दर परकीय कंपन्यांपेक्षा कमी ठेवले. व्यापाऱ्यांनी माल देण्याचे वचन दिले.

पी. अँड ओ.ने उत्तरादाखल आपले दर इतके खाली आणले की त्यात कोळशाचाही खर्च निघू नये. मोठ्या कंपनीला तोटा सोसण्याची ताकद असते, नवख्याला नसते. आणि मग जे घडले ते वाचताना व्यापारी म्हणून मान खाली जाते. कालपर्यंत ज्यांनी परकीय दरांविरुद्ध गळा काढला होता, त्यांच्यापैकीच अनेकांनी स्वस्त भाडे पाहून आपल्या गाठी पुन्हा पी. अँड ओ.च्या जहाजांवर चढविल्या. टाटा लाइन बंद पडली. ती बंद पडताच दर पुन्हा वर गेले आणि ओरड पूर्ववत सुरू झाली.

येथपर्यंतची कथा पुष्कळांना ठाऊक असते. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र सहसा सांगितला जात नाही. त्याच दरयुद्धात निप्पोन युसेन कैशाही सापडली होती. तिच्यावरही तोच मारा झाला. पण जपानच्या सूत गिरण्यांच्या संघाने निर्णय घेतला की हिंदुस्थानातून येणारा आपला सर्व कापूस आपल्याच कंपनीच्या जहाजातून आणावयाचा. दुसऱ्याचे भाडे कितीही उतरले तरी फुटावयाचे नाही. तो निर्णय त्यांनी पाळला. १८९६ साली पी. अँड ओ.ला तडजोड करावी लागली आणि जपानी कंपनीला बरोबरीने स्थान द्यावे लागले. समुद्र तोच होता आणि शत्रूही तोच होता. एका बंदरातील व्यापारी एकत्र राहिले आणि दुसऱ्या बंदरातील पांगले. जपानच्या गिरणीवाल्यांना आपल्यापेक्षा पैशाचा मोह कमी होता असे मला वाटत नाही. त्यांनी हिशेब लांबचा केला, इतकेच.

त्यानंतर दहा वर्षांनी दक्षिणेत व्ही. ओ. चिदंबरम पिल्लै यांनी तुतिकोरिन ते कोलंबो अशी स्वदेशी जहाजसेवा काढली. १९०६ साली स्थापन झालेली ही कंपनी ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या डोळ्यांत सलू लागली. १९०८ साली चिदंबरम पिल्लै तुरुंगात गेले, तेथे त्यांना बैलाप्रमाणे तेलाच्या घाण्याला जुंपले गेले, आणि बाहेर त्यांची कंपनी मोडीत निघाली. या दोन अनुभवांनंतर हिंदी माणसाने जहाजाच्या धंद्यात पडू नये, असेच शहाणपण बाजारात रूढ झाले असेल तर त्यात नवल नाही.

अशा वेळी सोलापूरच्या एका जैन कुटुंबातील तरुण या धंद्यात उतरला. वालचंद हिराचंद यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी झाला. घराणे मूळचे सौराष्ट्रातील, दिगंबर हुमड, आणि सोलापुरात स्थायिक झालेले. वडील हिराचंद नेमचंद हे मराठीतील ‘जैन बोधक’ या नियतकालिकाशी निगडित असलेले, समाजसुधारणेचा विचार करणारे गृहस्थ. पिढीजात सावकारी आणि कापसाचा व्यापार सोडून वालचंद रेल्वेच्या ठेकेदारीत शिरले, आणि तेही लक्ष्मणराव फाटक या, रेल्वेत कारकून असलेल्या गृहस्थांच्या भागीदारीत. पेढीवर बसण्याऐवजी खडी आणि रूळ यांचा धंदा करणारा शेठ त्या काळी विक्षिप्तच ठरला असणार.

पहिल्या महायुद्धानंतर ‘लॉयल्टी’ नावाचे जहाज विकाऊ असल्याची बातमी त्यांना मिळाली. हे जहाज मूळ ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ या नावाने प्रशांत महासागरात प्रवासी नेणारे. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी ते घेऊन युद्धात जखमी सैनिकांसाठी इस्पितळ म्हणून दिले होते. वालचंदांनी नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लुभाई सामळदास यांच्याशी विचारविनिमय करून ते विकत घेतले. मार्च १९१९ मध्ये साडेचार कोटी रुपयांच्या भांडवलाची सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी नोंदली गेली. नाव जहाजाच्या पूर्वीच्या मालकावरून. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाले. या तारखेचा दुसरा अर्थ लक्षात घ्यावा. दुसऱ्या दिवशी, म्हणजे ६ एप्रिलला, रौलट कायद्याविरुद्ध देशव्यापी हरताळ होता. एका दिवशी बंदरातून हिंदी मालकीचे जहाज निघाले आणि दुसऱ्या दिवशी त्याच शहराने दुकाने बंद ठेवून निषेध केला. निषेध आणि निर्मिती यांत वैर असते असे मानणाऱ्यांनी मुंबईचे हे दोन दिवस शेजारी ठेवून पाहावेत.

‘लॉयल्टी’चा व्यवहार फायद्याचा ठरला नाही. जहाज जुने होते, दुरुस्तीचा खर्च मोठा होता, आणि १९२३ साली ते भंगारात निघाले. कंपनीने मात्र मालवाहू जहाजे घेऊन ब्रह्मदेशच्या तांदळाच्या वाहतुकीत पाऊल टाकले आणि येथे तिची गाठ पडली मुदतीच्या परताव्याशी. तरुण वाचकांसाठी ही पद्धत थोडी उलगडून सांगतो, कारण आजही तिची भावंडे बाजारात हिंडत असतात. ब्रिटिश कंपनी व्यापाऱ्याला सांगे की ठराविक मुदतीत तुमचा सगळा माल आमच्याच जहाजातून पाठवा. मग भरलेल्या भाड्याचा काही हिस्सा तुम्हाला परत मिळेल. पण तो लगेच नव्हे, पुढच्या मुदतीनंतर. मधल्या काळात एक गाठ जरी दुसऱ्याच्या जहाजावर चढली, तरी साठलेला सर्व परतावा बुडाला. म्हणजे व्यापाऱ्याचा स्वतःचाच पैसा ओलीस ठेवून त्याची निष्ठा विकत घेतली जात होती. सिंदियाचे भाडे कमी असूनही व्यापारी तिच्याकडे येण्यास कचरत, कारण आजचा स्वस्तपणा घेतला तर कालची शिल्लक जाई.

ज्यांनी कच्च्या पावतीवर कधी माल पाहिला आहे, त्यांना या मोहाची जात ओळखता येईल. भिवंडीचे आणि इचलकरंजीचे माग बंद पडतात म्हणून हळहळणारा घाऊक व्यापारी मीटरमागे दोन रुपये सुटतात म्हणून परदेशी कापडाच्या गाठी उचलतो, हे दृश्य आमच्या धंद्यात दुर्मीळ नाही. दोन रुपये हा हसण्यावारी नेण्याचा विषय नव्हे. ज्याचा एकूण नफाच तेवढा, त्याला त्यावर घर चालवायचे असते. म्हणून मी त्याला दोष देत नाही. पण त्याच माणसाने संध्याकाळी देशातील उद्योग बुडाल्याबद्दल सरकारला शिव्या द्याव्यात, हे मात्र पटत नाही. त्या बुडण्यात त्याच्या दोन रुपयांचा वाटा असतो.

सिंदियाची कोंडी १९२३ साली एका कराराने फुटली. अधिक अचूक सांगायचे तर अर्धवट फुटली. ब्रिटिश जहाज कंपन्यांचे प्रमुख लॉर्ड इंचकेप हे त्या सुमारास सरकारी खर्चकपात समितीचे अध्यक्ष म्हणून हिंदुस्थानात आले होते. सिंदिया विकत घेण्याची त्यांची तयारी होती. चालकांनी ती नाकारली. मग दहा वर्षांचा करार झाला. सिंदियाने किनाऱ्यावर आणि ब्रह्मदेशापर्यंत मर्यादित प्रमाणात फक्त माल न्यावा, प्रवासी नेऊ नयेत, जहाजांची संख्या वाढवू नये. तत्कालीन देशभक्तांनी याला शरणागती म्हटले आणि कराराच्या अटी पाहता ते चुकीचे नव्हते. वालचंदांना तर त्या अटी जन्मभर टोचल्या. तरी माझे मत असे की, टाटा लाइन आणि तुतिकोरिन यांची गत पाहिलेल्या माणसांनी जिवंत राहण्याचा मार्ग पत्करला. बंद पडलेली कंपनी कितीही तेजस्वी असली तरी तिच्यावर माल चढत नाही.

आता जुहूकडे येऊ. सिंदियाचे पहिले अध्यक्ष नरोत्तम मोरारजी यांचा बंगला येथे समुद्रकाठी होता. त्या काळचे जुहू म्हणजे माडांची झाडी, कोळीवाडा आणि वाळू. जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या कैदेत असलेल्या गांधीजींवर पुण्याच्या ससून रुग्णालयात आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली, फेब्रुवारीत त्यांची सुटका झाली आणि मार्चमध्ये विश्रांतीसाठी ते नरोत्तम शेठच्या याच बंगल्यात आले. विश्रांती नावापुरतीच. एप्रिलपासून त्यांनी ‘यंग इंडिया’चे संपादन पुन्हा हाती घेतले. मोतीलाल नेहरू आणि चित्तरंजन दास चर्चेसाठी जुहूस आले. कायदेमंडळात शिरून सरकारची अडवणूक करावी हा त्यांचा पक्ष. खादी, अस्पृश्यतानिवारण आणि हिंदू-मुस्लिम ऐक्य यांसारख्या विधायक कामावर भर द्यावा हा गांधीजींचा. एकमत झाले नाही, आणि मे महिन्यात दोन्ही बाजूंनी आपापली निवेदने काढून मतभेद जाहीर केले. जुहूत आज गांधीग्राम नावाचा रस्ता आहे; त्यावरून जाणाऱ्या किती जणांना हा वाद ठाऊक असेल, कोण जाणे.

या वादाचा पुढचा टप्पा एका कापड व्यापाऱ्याला विशेष रोचक वाटतो. त्याच वर्षी डिसेंबरात बेळगाव येथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले आणि सभासदत्वासाठी नवी अट आली: चार आण्यांऐवजी दरमहा दोन हजार यार्ड सूत. आकडा मोठा वाटतो. पण आमच्या हिशेबाने पाहा. सुताची एक लडी ८४० यार्डांची. दहा नंबरच्या सुताच्या दहा लडी एका रत्तलात बसतात. म्हणजे दोन हजार यार्ड सूत जेमतेम पाव रत्तल भरले. महिन्याला पाव रत्तल सूत, आणि तेही स्वतः काता किंवा दुसऱ्याकडून कातून घ्या अशी मुभा. एवढेही देशभरातील पुढाऱ्यांना जमले नाही. पुढच्याच वर्षी पाटण्याच्या बैठकीत ही अट सैल करून पुन्हा पैशांची वाट मोकळी करावी लागली. ब्रिटिश सरकारविरुद्ध तास तास बोलणारी माणसे रोज अर्धा तास चरख्यावर बसू शकली नाहीत. यातून चरखा चुकीचा होता असाही निष्कर्ष काढता येईल आणि अनेकांनी तो काढला. मी एवढेच नोंदवितो की बोलण्याला श्रोते लागतात, कातण्याला लागत नाहीत.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अगत्याचे आहे. वालचंद आणि त्यांचे सहकारी निमूटपणे काम करीत राहिले, तक्रार म्हणून त्यांनी कधी केलीच नाही, असे चित्र कोणी रंगविले तर ते साफ खोटे ठरेल. तक्रारीत त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. सिंदियाशी संबंधित असलेले साराभाई नेमचंद हाजी यांनी जहाज धंद्याच्या अर्थकारणावर ग्रंथ लिहिला, आणि मध्यवर्ती कायदेमंडळात १९२८ साली किनाऱ्यावरील वाहतूक हिंदी जहाजांसाठी राखून ठेवण्याचे विधेयक मांडले. मुदतीच्या परताव्याची पद्धत बंद करण्यासाठीही त्यांनी विधेयक आणले. ब्रिटिश वृत्तपत्रांनी या विधेयकांना लुबाडणूक म्हटले. हिंदुस्थानात ब्रिटिश आणि हिंदी जहाजांना समान हक्क असावेत, असा त्यांचा साळसूद युक्तिवाद होता. त्याला गांधीजींनी मार्च १९३१ मध्ये ‘यंग इंडिया’तून उत्तर दिले. लेखाचे शीर्षकच राक्षस आणि खुजा अशा अर्थाचे होते. त्या दोघांना समान हक्क देणे म्हणजे काय, हे त्या शीर्षकातच आले.

तेव्हा या माणसांनी तक्रार केली, लिहून केली, आकड्यांनिशी केली, आणि योग्य जागी केली. पण ती करताना त्यांचे भांडवल त्याच समुद्रावर तरंगत होते. मला या सर्व इतिहासातील मुख्य गोष्ट हीच वाटते. ज्याचे काही पणाला लागलेले असते, त्याची तक्रार नेमकी होते. कोणता कायदा, कोणते कलम, किती तोटा, हे तो सांगू शकतो. ज्याचे काहीच पणाला लागलेले नसते, त्याची तक्रार सगळ्या देशाला व्यापते आणि कोणालाच लागू पडत नाही.

नरोत्तम मोरारजी १९२९ साली गेले आणि अध्यक्षपद वालचंदांकडे आले. पुढील वीस वर्षांत त्यांनी जे उद्योग उभे केले त्यांची नुसती नावे घेतली तरी परिच्छेद भरेल. हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी १९२६ पासूनच चालू होती. इंदापूर तालुक्यातील माळावर साखर कारखाना आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. १९४० साली म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्टची स्थापना झाली. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स. पण जहाजबांधणीचे प्रकरण सर्वांत कष्टाचे. कलकत्त्यात जागा मिळेना, मुंबईत मिळेना. शेवटी विशाखापट्टणमला २१ जून १९४१ रोजी राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पायाचा दगड बसला. एप्रिल १९४२ मध्ये त्या शहरावर जपानी बाँब पडले आणि काम विस्कटले. त्याच महिन्यात बंगळुरूचा विमान कारखाना युद्धाच्या निकडीपोटी सरकारने ताब्यात घेतला. साठीला टेकलेल्या माणसाने देशाला आणि सरकारला शिव्या देत घरी बसावे, याला याहून सबळ कारण कोणते हवे होते? विशाखापट्टणमचे काम पुन्हा सुरू झाले. १४ मार्च १९४८ रोजी तेथे बांधलेले आठ हजार टनांचे ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले.

वालचंदांचे चरित्र निर्दोष होते असे मला सुचवायचे नाही. ते हेकट होते, अनेक उद्योग एकदम अंगावर घेत, आणि स्वदेशीच्या नावाखाली स्वतःचा व्यापारी फायदा पाहतात असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. फायदा ते पाहत होतेच. व्यापाऱ्याने फायदा पाहू नये अशी अपेक्षा आपल्या धर्मानेही केलेली नाही. त्याने मर्यादा घातली आहे.

वालचंदांजवळ भांडवल होते, आम्हा लहान दुकानदारांनी काय करावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या एका जैन कुटुंबातील पुरुषाचे स्मरण करून देतो. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. बाहुबलीच्या डोंगराजवळचे हे गाव आपल्या यात्रेकरूंना परिचित आहे. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात शिकत असताना ते अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभास गेले. परत आल्यावर त्यांनी शुद्धीची आंघोळ करावी असा आग्रह झाला, त्यांनी नकार दिला आणि बोर्डिंग सोडावे लागले. स्वतःच्या समाजाविरुद्ध आयुष्यभर कडवटपणे बोलत राहण्यास हे कारण पुरेसे होते, आणि त्यात आपल्या समाजाची शोभा नव्हती हे सुवर्णमहोत्सवातही मान्य केले पाहिजे. किर्लोस्करांचे नांगर आणि ओगल्यांच्या काचकारखान्याचे भाग खेड्यापाड्यांत खपविण्यासाठी ते फिरले. त्या फिरतीत रयतेच्या मुलांना शाळा नाही हे त्यांनी पाहिले. सिंदिया ज्या वर्षी स्थापन झाली त्याच १९१९ साली, ४ ऑक्टोबरला, कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ साली साताऱ्याला वसतिगृह सुरू झाले, ज्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत, एका पंगतीत जेवत, आणि स्वतःच्या श्रमातून शिकत. मुलांच्या जेवणाची भ्रांत पडली तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने दिले. बोर्डिंगातून काढलेल्या विद्यार्थ्याने बोर्डिंगच बांधून उत्तर दिले.

पुन्हा एकदा जुहूकडे येतो. ६ मे १९४४ रोजी आगाखान पॅलेसमधून सुटल्यावर गांधीजी काही आठवडे येथेच, नरोत्तम शेठचे पुत्र शांतिकुमार आणि स्नुषा सुमतीबेन यांच्याकडे राहिले. कस्तुरबांचे निधन फेब्रुवारीतच झाले होते. प्रकृती खालावलेली होती. त्या दिवसांत त्यांनी पंधरवडाभर मौन पाळले. सुमतीबेन पुढे सिंदियाच्या कारभारात अग्रस्थानी आल्या, १९५६ साली भारतीय जहाजमालकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्ष झाल्या आणि १९७१ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पुरुषांनीच भरलेल्या त्या धंद्यात त्यांना काय काय ऐकून घ्यावे लागले असेल, याची कल्पना आपल्या घरातील कर्त्या स्त्रिया करू शकतील.

वालचंदांचे निधन ८ एप्रिल १९५३ रोजी झाले. त्यापूर्वीच्या वर्षी विशाखापट्टणमच्या गोदीचा मोठा हिस्सा सरकारने घेतला होता. बंगळुरूच्या विमान कारखान्याचे पुढे हिंदुस्थान एरोनॉटिक्स झाले. दोन्ही आज देशाच्या मालकीची आहेत आणि चालू आहेत. ५ एप्रिल हा ‘लॉयल्टी’च्या प्रस्थानाचा दिवस १९६४ पासून राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळला जातो. सिंदियाची जहाजे मात्र विसावे शतक संपता संपता समुद्रावरून दिसेनाशी झाली. बॅलार्ड इस्टेटमध्ये तिच्या नावाची इमारत अजून उभी आहे. आणि मुंबईच्या सुतासाठी १८९३ साली टाटांनी जिच्याशी हातमिळवणी केली होती, ती निप्पोन युसेन कैशा आजही जगातील मोठ्या जहाज कंपन्यांत गणली जाते.